कुंडलिका नदी : राफ्टिंग व नौकाविहार

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीच्या वेगवान प्रवाहात रबरी तराफा (राफ्ट), कयाक व कॅनू यांतून केला जाणारा साहसी जलप्रवास. रवाळजे–साजे परिसरापासून कामथ गावापर्यंतचा सुमारे १२ ते १४ किमी.चा टप्पा त्यासाठी प्रसिद्ध आहे. मुंबई–गोवा महामार्गावरील कोलाड हे जवळचे मोठे गाव. रोह्यानंतरचे कोकण रेल्वेचे पहिले स्थानकही तेच.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्या आखूड आणि पावसावर अवलंबून असतात. श्रावणात त्या दुथडी भरून वाहतात. चैत्रापर्यंत बहुतेकींच्या पात्रात कातळ आणि तुरळक डोह एवढेच उरते. कर्जतजवळ उल्हास नदीवर राफ्टिंग होते ते त्यामुळेच पावसाळ्यात. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यातही खळाळते, आणि त्याचे कारण तिच्या स्वतःच्या खोऱ्यात नाही. घाटमाथ्यापलीकडे, पुणे जिल्ह्यात, टाटा कंपनीने मुळशी येथे पूर्ववाहिनी मुळा नदीवर धरण बांधले. तिथले पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरवून त्यावर भिरा येथील वीजघर चालवले जाते. ते १९२७ मध्ये सुरू झाले. भिऱ्याहून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर पुढे रवाळजे येथे पुन्हा वीजनिर्मिती होते आणि मग ते कुंडलिकेत येते. भीमा–कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळाले असते, ते पाणी असे अरबी समुद्राकडे वळले आहे.

या पाण्यामागे विस्थापनाचा इतिहास आहे आणि कुंडलिकेवरील कोणत्याही नोंदीत तो यायलाच हवा. मुळशी धरणाखाली मावळातील अनेक गावे आणि भाताची उत्तम खाचरे बुडाली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले व तुरुंगवास भोगला. ‘सेनापती’ ही त्यांची ओळख याच लढ्यातली. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि पुढे धरण पूर्ण झाले. आज तराफ्यात बसणाऱ्या पर्यटकाला यातले सहसा काहीच सांगितले जात नाही, ही मोठी उणीव आहे.

पाण्याचे वेळापत्रक वीजघराच्या हाती असल्याने राफ्टिंगचेही तसेच. पाणी प्रायः सकाळी सुटते, म्हणून फेऱ्याही सकाळीच निघतात. एका तराफ्यात साधारण आठ जण वल्हवतात आणि मागे बसलेला गाइड दिशा सांभाळतो. गाइडांमध्ये आता आसपासच्या गावांतील तरुणही आहेत. कोणत्या कातळाआड पाणी उलटे फिरते आणि पाणी कमी झाले की कुठला खडक उघडा पडतो, हे त्यांना पाठ असते. खळाळांची अवघडता एक ते सहा अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीने मोजतात. कुंडलिकेचे खळाळ मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीचे आहेत. नवख्याला ते झेपतात, परंतु लाइफ जॅकेट आणि हेल्मेटशिवाय नव्हे. पाण्यात पडल्यास प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये: पाय दगडांच्या फटीत अडकला की गुडघाभर पाणीही माणसाला दाबून ठेवते. पाठीवर तरंगत, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि बचावाची दोरी येताच धरावी.

कॅनू बहुधा वरून उघडी असते व एका पात्याच्या वल्ह्याने चालवतात. कयाक वरून झाकलेली आणि वल्हे दोन्ही टोकांना पात्याचे. खळाळात तराफ्यांसोबत बचावासाठी कयाक असते. कॅनू शिकायला मात्र कोलाडकडचे संथ पाणी बरे. तिथे घाई नसते, काठावरची झाडी आणि पाणपक्षी निवांत पाहता येतात. खळाळांच्या जाहिरातीपुढे नदीचा हा भाग नाहक मागे पडतो.

भिऱ्याजवळच्या डोंगरातील देवकुंड धबधबा कुंडलिकेच्या उगमाचा मानला जातो. तिथे बुडून अनेकांचे जीव गेल्याने पावसाळ्यात प्रशासन प्रवेशबंदी लागू करते. नदीलाही मोठा पूर असेल तर राफ्टिंग थांबवावेच लागते. खाली रोह्यावरून नदी खाडीत रूपांतरित होते व रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते.

मुळशीचे पाणी पुन्हा पूर्वेकडे, पुणे परिसर आणि भीमा खोऱ्यातील तहानलेल्या तालुक्यांना द्यावे, ही मागणी अनेकदा पुढे आली आहे. ती मान्य झाली तर कुंडलिकेचे उन्हाळी राफ्टिंग टिकणे अवघड आहे. मग हा खेळ पावसाळ्यापुरता उरेल, आणि त्यातूनही पुराचे दिवस वजा होतील.