हर्शेलच्या नेत्रिका

१३ मार्च १७८१. इंग्लंडमधील बाथ शहरी विल्यम हर्शेल आपल्या सात फुटी दुर्बिणीतून तारे न्याहाळत होता. २२७ पट विशालन देणाऱ्या नेत्रिकेतून एक तारा जरा मोठा दिसला. त्याने नेत्रिका बदलल्या. ४६० पट, मग ९३२ पट. तारे त्या प्रमाणात वाढत नाहीत, ही तबकडी मात्र वाढत गेली. हर्शेलला तो धूमकेतू वाटला; निघाला युरेनस.

त्याने ६४५० पट विशालनाचाही दावा केला तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. अशा नेत्रिकेचे नाभीय अंतर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर! १७८२ मध्ये ग्रिनिचला तुलना झाली. हर्शेलची दुर्बीण सरस ठरली. माझ्या मते श्रेय आरशाचे. सहा इंची आरशातून तीनशे-साडेतीनशे पटींपलीकडे नवा तपशील फारसा मिळत नाही, प्रतिमा नुसती फुगते. झूम नेत्रिका पारखतानाही हेच पाहावे.