उंदीर पडला, गाव हलले

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला रोग कसा शोधावा हे शिकवावे लागत नाही. पानावर डावणी दिसली की तो विचारतो, कोणत्या वेलीवर? कोणत्या ओळीत? कधीपासून? माणसांच्या साथीचा अभ्यासही याच तीन प्रश्नांनी सुरू होतो: कोणाला, कुठे, केव्हा. वही-पेन्सिल घेऊन हा अभ्यास कोणालाही घरी करता येतो. त्यासाठी आपल्याच इतिहासातला एक धडा पाहू.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो घाटावर चढला. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेल्या. तासगावही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, आणि या जिल्ह्यालाही प्लेगचा मोठा तडाखा बसला.

खेड्यातल्या माणसाने एक गोष्ट हेरली होती. आधी उंदीर पडतो, मग माणूस. म्हणून घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. हे झाले 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर. पण असे का होते? 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले, की उंदरावरची पिसू प्लेग पसरवते. 1905 नंतर मुंबईत परळला त्याची कसून तपासणी झाली. गिनी पिगांचा पिंजरा पिसूच्या उडीच्या पल्ल्याबाहेर टांगला, तेव्हा ते वाचले. मेलेल्या उंदराला सोडून पिसू माणसाकडे वळते. म्हणून उंदरांच्या साथीनंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांची साथ येई. गावकऱ्यांचे निरीक्षण खरे होते.

आता थोडे गणित. 1897 च्या जानेवारीत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे 147 कैद्यांना टोचली. त्यांतले दोघे आजारी पडले, दगावला कोणी नाही. न टोचलेले सुमारे 172 होते. त्यांतले 12 आजारी पडले, 6 दगावले. म्हणजे एकीकडे शेकडा दीडसुद्धा नाही, दुसरीकडे शेकडा सात. नुसते 'दोन' आणि 'बारा' म्हणून भागत नाही. कितीपैकी, ते सांगावे लागते. आणखी एक शंका मनात ठेवा. टोचून घेणारे स्वखुशीने पुढे आले होते. दोन्ही गट इतर बाबतीत सारखे होते का? ही शंका विचारणे, हाच अभ्यासाचा पुढचा पाठ.

शिक्षक मंडळींनो, वर्गात एवढे करून पाहा. समजा, 400 वस्तीच्या वाडीत 8 जणांना जुलाब झाले आणि 4000 वस्तीच्या गावात 20 जणांना. जास्त त्रास कुठे? बहुतेक मुले 'गावात' म्हणतील. फळ्यावर मांडून दाखवा: वाडीत शेकडा 2, गावात शेकडा अर्धा. आधी वाडीची विहीर तपासायला हवी. मग मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या, विहिरी आणि नळ दाखवा. पावसाळ्यात जुलाबाची तक्रार झाली की त्या घरावर तारखेसह एक टिंब द्या. नाव लिहू नका. टिंबे एका पाण्याभोवती गोळा होऊ लागली, तर वाट न पाहता आरोग्य केंद्राला कळवा. 2020 च्या कोरोनात आपण रोज आकडे ऐकले. ते 'कितीपैकी' हे विचारणारी चार माणसे प्रत्येक गावात असली, तर अफवेला जागा कमी उरते आणि उपाय वेळेवर होतो.