वेळापत्रकातून डेटाबेसकडे : प्रकल्प-माहितीच्या स्थलांतराचा इतिहास

भिलाई पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या चार वर्षांतच प्रकल्प-नियोजनाचे शास्त्र बदलले. १९५७ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी सीपीएम पद्धत मांडली. १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट पद्धत आली.

त्यापूर्वीच्या गँट आलेखात प्रत्येक कामाची पट्टी दिसे. पण कोणते काम कोणावर अवलंबून आहे, हे त्यातून स्पष्ट होत नसे. सीपीएमने हे अवलंबन मोजता येईल असे केले. म्हणून वेळापत्रक म्हणजे केवळ तारखांची यादी नव्हे. त्यात कामे, साधने, दिनदर्शिका आणि कामांमधील दुवे असतात. स्थलांतराची सारी अडचण या शेवटच्या घटकात आहे.

दोन वेगळे वारसे

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी संबंधाधारित डेटाबेसची कल्पना मांडली : माहिती टेबलांत ठेवावी आणि ती समान मूल्यांनी जोडावी. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची डॉस आवृत्ती १९८४ मध्ये आणि विंडोज आवृत्ती १९९० मध्ये आली; अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये आले. पहिले सॉफ्टवेअर तारखा काढते, दुसरे माहिती साठवते व शोधते. अनेक प्रकल्पांचा एकत्रित अहवाल हवा असला की पहिल्यातील माहिती दुसऱ्यात न्यावी लागते.

बदलत गेलेले मार्ग

सुरुवातीला एमपीएक्स ही साधी मजकूर-फाइल वापरात होती. प्रोजेक्ट २००० पासून ती वाचता येई, पण नव्याने लिहिता येत नसे. प्रोजेक्ट ९८ च्या पिढीत एमपीडी फाइल आली. ती मुळात अ‍ॅक्सेसच्याच धाटणीची असल्याने थेट उघडता येई. प्रोजेक्ट २००७ मध्ये ती जतन करण्याची सोय काढली गेली. दरम्यान प्रोजेक्ट २००२ पासून एक्सएमएलचा मार्ग खुला झाला होता.

काय हरवते?

पहिली अडचण एककाची. आठ तासांच्या दिवसाने पाच दिवसांचे काम म्हणजे २,४०० मिनिटे. एमपीडीत कालावधी मिनिटाच्या दशांशात असे, म्हणून टेबलात २४,००० दिसे. हे माहीत नसेल तर अहवाल दहापट चुकतो.

दुसरी ओळख क्रमांकाची. कामांची जागा बदलली की साधा क्रमांक बदलतो. युनिक आयडी बदलत नाही. टेबलाची प्राथमिक की युनिक आयडीच असली पाहिजे.

तिसरी सर्वांत घातक. पडद्यावर पूर्ववर्ती कामे एकाच रकान्यात ‘३, ५’ अशी दिसतात. डेटाबेसमध्ये त्यांचे स्वतंत्र टेबल लागते : एक दुवा, एक ओळ. एक्सएमएलमध्ये दुव्याची नोंद तिच्या कामाच्या पोटात असते. त्या नोंदीत आधीच्या कामाचा क्रमांक असतो, नंतरच्या कामाचा नसतो. अशी फाइल अ‍ॅक्सेसमध्ये सरळ आयात केली तर दुव्यांचे टेबल तयार होते. पण हा दुवा नेमका कोणत्या कामाचा, हेच त्यात उरत नाही. त्यासाठी आयात करण्यापूर्वी एक्सएसएलटीने प्रत्येक दुव्यात मूळ कामाचा क्रमांक भरावा लागतो.

हे महत्त्वाचे का?

बांधकाम लांबले की ठेकेदार आणि मालक यांच्यात विलंबाचा वाद होतो. उशीर कोणामुळे झाला, हे तारखांवरून ठरत नाही. कोणते काम कोणासाठी अडले, यावरून ते ठरते. दुवे हरवलेला डेटाबेस अशा वेळी निरुपयोगी असतो, आणि मूळ फाइल उघडणारे सॉफ्टवेअर तोवर बाजारातून गेलेले असू शकते.

म्हणून स्थलांतरानंतर केवळ कामांची संख्या जुळवून थांबू नका. दुव्यांची संख्याही मोजा. मग कोणतीही पाच कामे निवडा आणि त्यांची पूर्ववर्ती कामे मूळ वेळापत्रकाशी ताडून पाहा.

स्वाध्याय : दहा कामांचे छोटे वेळापत्रक तयार करा. त्यासाठी कामे, साधने, नेमणुका आणि दुवे अशी चार टेबले आखा व प्रत्येकाची प्राथमिक की लिहा.