भास्कराचार्यांचा अव्यक्त-भागाकार

बहुपदीचे अवयव भागाकारानें पाडण्याची जी रीत शाळांतून शिकवितात, ती भास्कराचार्यांची आहे असें पुष्कळदां ऐकूं येतें. या विधानांत तथ्य किती, हें मूळ ग्रंथांतील उदाहरणावरूनच ठरविलें पाहिजे.

सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या विज्जडविड नगरींतील या आचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धांतशिरोमणि रचिला. त्याच्या ‘बीजगणित’ भागांत अव्यक्ताचा भागाकार स्पष्ट सांगितला आहे: भाजकास ज्या ज्या अव्यक्तांनीं व रूपांनीं गुणून तो भाज्यांतून क्रमानें वजा केला असतां भाज्य निःशेष होतो, त्या लब्धि होत.

त्याच ग्रंथांत पुढें एक प्रश्न आहे. कोणती संख्या बारांनीं गुणून तींत तिचाच घन मिळविला असतां सहापट वर्ग व पस्तीस यांच्या बेरजेइतकी होते? यावत्तावत् म्हणजे अव्यक्त राशि ‘या’, तिचा वर्ग ‘याव’ व घन ‘याघ’ असें लिहिल्यास याघ + १२ या = ६ याव + ३५. आचार्य दोन्ही पक्षांत युक्तीनें शोधन करून एका बाजूस या − २ चा घन व दुसरीस २७ आणतात; घनमूळ घेऊन या = ५.

आतां याघ − ६ याव + १२ या − ३५ यांस या − ५ नें भागूं. पहिली लब्धि याव. शेष − याव + १२ या − ३५. दुसरी − या. शेष ७ या − ३५. तिसरी ७, शेष शून्य. म्हणजे याव − या + ७ हा दुसरा अवयव. त्याचें मूळ काढूं गेल्यास − २७ चें वर्गमूळ लागतें, आणि ऋणास वर्गमूळ नाहीं हें आचार्यांचेंच वचन. सबब पांचाखेरीज उत्तर नाहीं, हें भागाकारानें सिद्ध होतें.

परंतु हा भागाकार ग्रंथांत त्या ठिकाणीं केलेला नाहीं. समीकरणाचें मूळ अव्यक्तांतून वजा केलें असतां येणाऱ्या द्विपदीनें बहुपदीस निःशेष भाग जातो, हें तत्त्व फ्रान्समधील देकार्त यानें इ. स. १६३७ मध्यें स्पष्टपणें मांडलें. भागाकार आचार्यांचा, मूळहि त्यांनीं काढलेलें. दोहोंची सांगड मात्र त्यांची म्हणतां येत नाहीं.

प्रत्येक विधानास उपपत्ति मागण्याची शिस्त कोंकणास परकी नाहीं. महाड व पोलादपूर ज्या रायगड जिल्ह्यांत मोडतात, त्याच जिल्ह्यांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४६७ (इ. स. १५४५) मध्यें लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहून सूत्रांच्या उपपत्ति दिल्या. पूर्वजांच्या श्रेयासहि तोच नियम लावणें युक्त होय.