'ऑटोलोड'ची सोळा वर्षे

पीएचपीत वेबसाइट लिहिणाऱ्या जुन्या मंडळींना 'रिक्वायर' हा शब्द चांगलाच आठवत असेल. दुसऱ्या फाइलमधला कोड हवा असेल, तर त्या फाइलचा पत्ता आधी आपल्या हाताने लिहायचा. प्रकल्प वाढला की प्रत्येक फाइलच्या डोक्यावर अशा पंधरा-वीस ओळी. एखादी फाइल हलवली की कुठेतरी पत्ता चुके. शिवाय न लागणाऱ्या फाइलीही दर वेळी वाचल्या जात, ते वेगळेच.

जुलै 2004 मध्ये आलेल्या पीएचपी 5 ने यावर एक सोय दिली. 'ऑटोलोड' या ठरलेल्या नावाचे (आधी दोन अंडरस्कोर) एक फंक्शन लिहून ठेवायचे. प्रोग्राम चालू असताना अनोळखी क्लासचे नाव आले, की भाषा ते नाव या फंक्शनच्या हाती देई. त्याने फाइल आणली, की काम पुढे सुरू.

मेख इथेच होती. एका नावाचे फंक्शन प्रोग्राममध्ये एकदाच लिहिता येते. तुम्ही घेतलेल्या एका लायब्ररीत ते असे, दुसरीतही असे. दोघी एकत्र आल्या की प्रोग्राम जागीच बंद! मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो, कारण दोष दोघींपैकी कोणाचाच नव्हता. सोय आखणाऱ्यांनीच घरात एकच माणूस राहतो असे गृहीत धरले होते.

2005 च्या अखेरीस पीएचपी 5.1 मध्ये 'एसपीएल ऑटोलोड रजिस्टर' आले. आता प्रत्येक लायब्ररीने आपले फंक्शन रांगेत नोंदवायचे. अनोळखी नाव आले की एकेकाला विचारले जाई. ज्याला माहीत, तो फाइल आणून देई. पण रांगेतल्या एखाद्याने 'मला माहीत नाही' म्हणून आरडाओरडा केला, तर पुढच्याची पाळी येणार कशी? पुढे 'पीएसआर-4' या नियमावलीत हे स्पष्टच लिहिले गेले: क्लास सापडला नाही तर एरर द्यायचा नाही, गप्प राहायचे.

या नियमावल्या भाषेच्या निर्मात्यांनी लादलेल्या नव्हत्या. 2009 मध्ये वेगवेगळ्या फ्रेमवर्कची माणसे एकत्र बसली आणि क्लासच्या नावावरूनच त्याचे फोल्डर कळावे, असे आपापसांत ठरले. 2012 मध्ये नील्स आडरमान आणि जोर्डी बॉजिआनो यांचा 'कंपोझर' आला, तो याच समजुतीवर उभा राहिला. (कंपोझर लायब्ररी आधीच उतरवून ठेवतो, प्रोग्राम चालताना फाइल येते ती आपल्याच डिस्कवरून. अनेकांचा इथे गोंधळ होतो.)

ते जुने एकटे फंक्शन 2017 मध्ये कालबाह्य ठरवले गेले आणि नोव्हेंबर 2020 च्या पीएचपी 8 मधून काढून टाकले. आज ते लिहिले तर प्रोग्राम चालत नाही. एररमध्येच रांगेत नाव नोंदवणाऱ्या फंक्शनचा पत्ता दिलेला असतो.