शब्दवेध : डोप

डच भाषेत बुडवणे या अर्थी असलेल्या ‘डोपेन’ या क्रियापदाशी नाते सांगणारा ‘डोप’ हा शब्द अमेरिकेत प्रथम दाट रस्सा या अर्थाने रूढ झाला; पुढे अफूच्या चिकट पाकाला, शर्यतीच्या घोड्यांना चोरून दिलेल्या औषधाला आणि विमानाच्या पंखांवरील कापडास लावायच्या रोगणालाही तेच नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यास तो अर्धवाहकांच्या मुलुखात शिरला, आणि शुद्ध सिलिकॉन वा जर्मेनियममध्ये फॉस्फरस अथवा बोरॉनचे अत्यल्प अणू हेतुपुरस्सर मिसळून त्याची विद्युद्वाहकता वाढवण्याच्या क्रियेस ‘डोपिंग’ म्हणू लागले.

ही भेसळ अतिसूक्ष्म तारेत नेमकी कोठे वसते, याची खानेसुमारी २००९ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. जर्मेनियमच्या तारेच्या टोकावरून एकेक अणू प्रबळ विद्युत्क्षेत्राने उपटून, त्याच्या उड्डाणकालावरून त्याची जात ओळखली असता, फॉस्फरस गाभ्यात विरळ आणि पृष्ठालगतच्या कवचात दाट आढळला. कारण गाभा सुवर्णमिश्रित थेंबातून घडतो, तर कवच वायूतून थेट जमणाऱ्या थरांचे असते. सबब, अशा तारेच्या वाहकतेचा हिशेब केवळ सरासरी प्रमाणावर मांडणे गैर ठरते.