सैनिकांचे चेहरे घडवणारा दवाखाना



प्लास्टिक सर्जरी म्हटलं की बैठकीत कुणीतरी हमखास सिनेमातल्या नटीचं नाव घेतं आणि हशा पिकतो. नाक सरळ करायचं, ओठ फुगवायचे, पैसेवाल्यांचे चोचले, असंच आपल्याला वाटतं. पण ह्यात घागरी-बादलीचं प्लास्टिक काही नसतं. घडवणं, आकार देणं अशा अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरून ते नाव आलं आहे. आणि ही विद्या वाढली ती लढाईत तोंड फुटलेल्या शिपायांच्या दवाखान्यात. आज आम्ही तिथल्या डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहोत.

आधी जरा आपल्या पुण्याला जाऊन येऊ, कारण गोष्टीचं एक मूळ तिथं आहे.

टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर एक मराठी शेतकरी बैल हाकायला होता. इंग्रजी कागदात त्याचं नाव कावसजी असं आहे. १७९२ च्या त्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून टाकण्यात आला. पुढं कंपनी सरकारनं त्याला पेन्शन दिली. म्हणजे आजच्या भाषेत तो माजी सैनिकच की. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं.

कसं बसवलं, ते ऐकण्यासारखं आहे. पातळ मेणाचा पत्रा घेऊन नाकाचा आकार केला. तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. आपण कापडावर कागदाचा बेत ठेवून खडूनं आखतो ना, तसंच. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक पट्टी जोडलेलीच ठेवली. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जुन्या जखमेची कड ताजी करून तिथं बसवली. वरून कापडाच्या पट्ट्या, पाण्यात कालवलेला कात लावून. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती भुवयांमधली पट्टी कापली.

ही पट्टी म्हणजे सगळ्या विद्येची किल्ली. आंब्याचं भेटकलम आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. मोठ्या झाडाची फांदी लगेच तोडत नाहीत. रोपाशी जोड बांधायची, दोन्हीकडचा रस एक होईपर्यंत थांबायचं, आणि मगच मूळ झाडापासून सोडवायची. कातडीचंही तसंच. नव्या जागी रक्त खेळू लागेपर्यंत जुन्या जागेची नाळ तोडायची नाही.

मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया स्वतः पाहिली. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या सर्जननं मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्याला तशाच रीतीनं नाक बसवलं. त्या छापील मजकुरात रोग्याचं नाव आहे. ज्यानं नाक केलं त्याची मात्र नुसती जात सांगितली आहे, नाव नाही. हातानं काम करणाऱ्यांच्या वाट्याला हे नेहमीच आलेलं आहे.

आता सव्वाशे वर्षं पुढं, विलायतेत. पहिलं महायुद्ध. शिपाई खंदकात उभे राहून लढायचे. धड जमिनीखाली, डोकं तेवढं वर. तोफगोळ्याचे तुकडे यायचे ते तोंडावरच. लोखंडी टोपीनं कवटी वाचायची, पण जबडा, नाक, गाल उघडेच. असा शिपाई स्ट्रेचरवर उताणा झोपवला की स्वतःच्याच रक्तानं आणि मागं पडलेल्या जिभेनं गुदमरून मरायचा. त्याला पुढं वाकवून बसवलं तर श्वास चालतो, हे तिथं जीव गमावून गमावून शिकले. आपल्याकडे अपघातात कुणाचा जबडा फुटला तर आजही हेच ध्यानात ठेवायचं असतं.

हॅरॉल्ड गिलीज हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये कान-नाक-घशाचा डॉक्टर. १९१५ साली तो फ्रान्सला गेला. तिथं फुटलेल्या जबड्यांवर चाललेलं काम पाहिलं आणि परत येऊन लष्कराच्या मागं लागला, की अशा जखमींसाठी वेगळी जागा द्या. १९१६ च्या सुरुवातीला आल्डरशॉटच्या लष्करी दवाखान्यात त्याला वॉर्ड मिळाला. जखमी आपल्याकडे नेमके पोचावेत म्हणून त्यानं स्वतःच्या खिशातले दहा पौंड घालून पत्ता लिहायची लेबलं विकत घेतली आणि आघाडीवर पाठवून दिली. सरकारी कागदाची वाट बघत बसला नाही, हे आम्हाला फार आवडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सोम नदीकाठची मोठी लढाई सुरू झाली. तयारी दोनशे जणांची होती, आले सुमारे दोन हजार.

वॉर्डात आरसा ठेवायला बंदी होती. कॅथरीन ब्लॅक नावाच्या परिचारिकेनं पुढं आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात एका जवानाची हकीकत आहे. त्याचं लग्न ठरलेलं होतं. एक दिवस चोरून मिळवलेल्या आरशात त्यानं स्वतःचं तोंड पाहिलं. मग त्या मुलीला त्यानं खोटंच कळवलं, की मला दुसरी कुणी आवडली आहे. आपल्यासारख्याच्या गळ्यात तिला बांधायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. पाय गेलेल्या शिपायाकडे लोक मानानं बघत. तोंड गेलेल्याकडे बघवत नसे. सरकारलाही हे कळत होतं. चेहरा फारच बिघडला असेल तर पेन्शन पूर्ण मिळे, दोन हात किंवा दोन पाय गेलेल्याइतकीच. तोंड नसलेल्याला काम कोण देणार, हा त्यामागचा हिशेब.

जागा पुरेना, तेव्हा १९१७ साली लंडनजवळ सिडकपला खास चेहऱ्याच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल उघडलं. सर्जन, दातांचे डॉक्टर, भूल देणारे, चित्रकार, सगळे एका ठिकाणी. हेन्री टॉंक्स हा मूळचा सर्जन, नंतर चित्रकलेचा शिक्षक झालेला. त्यानं ह्या शिपायांचे चेहरे रंगीत खडूंनी काढले, उपचाराआधीचे आणि नंतरचे.

गिलीजपुढं कपाळाची कातडी होतीच, पण अख्खा चेहरा भाजलेल्याला कपाळ कुठलं उरतं? कातडी छातीवरून आणायची, तर लांब पट्टी करावी लागे, आणि तिची उघडी ओली बाजू सडायची. पेनिसिलिन तेव्हा नव्हतं. ऑक्टोबर १९१७ मध्ये एका भाजलेल्या खलाशावर काम करताना गिलीजच्या लक्षात आलं, की पट्टीच्या कडा आपोआप आत वळतात. त्यानं त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. झाली नळी. ओली बाजू आत बंद, सडणं कमी, रक्त चांगलं खेळतं. पुढं पुढं तर पोटावरच्या नळीचं एक टोक आधी मनगटाला जोडायचं, ते धरलं की पोटाकडचं टोक सोडवून मनगट चेहऱ्याशी न्यायचं. एकेका टप्प्याला कित्येक आठवडे.

ही सबुरी फुकट आलेली नाही. भाजलेल्या एका तरुण वैमानिकाच्या तोंडावर गिलीजनं छातीची मोठी कातडी एकदमच बसवली. ती सडली आणि १९१८ साली तो मुलगा गेला. त्यानंतर गिलीज आपल्या हाताखालच्या डॉक्टरांना सारखं बजावत असे, की जे उद्यावर ढकलता येईल ते आज करू नका. आळशाचं बोलणं वाटेल, पण कातडीच्या कामात घाई म्हणजे मरणच.

भुलेचीही पंचाईत होती. भूल तोंडानाकावाटे द्यायची, आणि सर्जनला काम करायचं तेही तोंडावरच! लढाईनंतर सिडकपला आलेल्या आयव्हन मॅगिल ह्या डॉक्टरनं श्वासनळीत रबरी नळी घालून भूल द्यायची रीत बसवली. आज मोठ्या ऑपरेशनला घशातून नळी घालतात, तिची सुधारणा तिथली.

लढाई १९१८ ला थांबली, पण सिडकपचं काम थांबलं नाही. १९२५ पर्यंत तिथं पाच हजारांवर माणसांवर अकरा हजारांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. वर्दी उतरवलेली माणसं पुन्हा पुन्हा येत राहिली. मधल्या काळात त्यांना खेळणी करायला, कोंबड्या पाळायला शिकवत. पण दवाखान्यापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाकं निळी रंगवलेली होती. निळं बाक म्हणजे इथं तोंड फुटलेला शिपाई बसलेला असू शकतो, गाववाल्यांनी आधीच सावध व्हावं.

आपल्याकडे बाक लागत नाही, पदर पुरतो. स्टोव्हनं, चुलीनं भाजलेल्या बाया गावोगाव आहेत. जखम भरते, पण कातडी आवळत जाते आणि हनुवटी छातीला चिकटते, बोटं वळतात. ‘आता काय, बरी झाली’ म्हणून घरचे दवाखाना सोडतात. तसं नसतं. अशी आवळलेली मान कित्येक वर्षांनीसुद्धा मोकळी करता येते, कातडी बसवता येते. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर असतात. ते काम नटीचं नाही, कावसजीचंच आहे.

दुसऱ्या महायुद्धात गिलीजचाच एक नातलग, आर्चिबाल्ड मॅकिंडो, ईस्ट ग्रिन्स्टेड गावच्या दवाखान्यात भाजलेल्या वैमानिकांवर काम करत होता. समुद्रात पडलेल्यांच्या जखमा लवकर भरतात हे पाहून त्यानं मिठाच्या पाण्याच्या आंघोळी सुरू केल्या. आणि कातडीचं काम अर्धं राहिलेलं असतानाच तो पोरांना गावात पाठवी. गावातल्या घरांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की ह्यांना जेवायला बोलवा, टक लावून बघू नका. लोकांनी बोलावलं. न बघणारं गाव अशी त्या गावाची ओळख झाली. निळं बाक तिथं नव्हतं.

त्या पोरांनी १९४१ साली एक मंडळ काढलं, गिनीपिग क्लब. नवे प्रयोग आमच्यावर होतात म्हणून हे नाव. सभासद पुढं सहाशेवर गेले. सचिव निवडला तो बोटं भाजलेला, म्हणजे इतिवृत्त लांबलचक लिहिणार नाही. आणि खजिनदार निवडला पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही.